आणखी दोन दात

"भाऊसाहेब, ह्याचं उरकून टाकायचं का?" असं सायकलवरून न उतरताच गुरांच्या दवाखान्यातल्या बहिरू स्टॉकमननं कचेरीच्या खिडकीतून विचारलं, आणि कारकून कुशाबाच्या टाकातून शाईचा एक टपोरा थेंब मौजे नांदे येथील एका बांधाच्या भांडणावर पडला. पडला तोही नेमका 'पुढील तारीख' या शब्दांच्या पुढच्या मोकळ्या जागेत. ह्याचं म्हणजे फेरफारचं. फेरफार हा बोका होता. पिवळा, रुंद डोक्याचा, आणि त्या घडीला लाल रुमालात बांधलेल्या दप्तरावर पालथा पडून ऊन खाणारा. आपल्याविषयी काही चाललंय याची त्यानं एका कानानं दखल घेतली आणि तो कानही परत खाली पाडला. "थंडी पडलीय," बहिरू म्हणाला, "माश्या नाहीत. सहा महिन्यांचा झाला असेल. आत्ता खच्ची केलं तर चार दिवसांत भरून येईल. उन्हाळ्यात चिघळतं. तुमी फक्त दिवस सांगा." कुशाबानं विचारलं, "मी?" बहिरूनं पायडलवरचा पाय जमिनीवर टेकला आणि कचेरीत आणखी कुणी आहे का ते पाहिलं. "मग काय मामलेदारसाहेबांना विचारू? बोका कुनाचा?" आणि सायकल गुरांच्या दवाखान्याकडं निघून गेली. कुशाबाच्या छातीत काहीतरी जोरजोरात धावायला लागलं. त्याला आधी वाटलं, भीती असेल. मग लक्षात आलं की आपण हसतोय.

तीस वर्षांच्या आयुष्यात त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शाळेत त्याला मास्तरांनी घातलं होतं, शाळेतून वडलांनी काढलं होतं, परत मामानं घातलं होतं. नोकरी मामाच्या ओळखीनं लागली. पौडला बदली सरकारनं केली. खोली कचेरीतल्या शिपायानं बघून दिली, आणि त्या खोलीतली खाट कुठल्या भिंतीला लावायची हे घरमालकीण गोजराबाईनं ठरवलं. लग्नाचं मामा बघत होता, म्हणजे तेही ठरत आलं होतं. कचेरीत त्याचं काम तारखा देण्याचं. साहेब मान हलवायचे, कुशाबा पंचांगासारखं सरकारी कॅलेंडर उघडायचा आणि पुढच्या महिन्यातला एखादा गोरगरीब मंगळवार उचलून अर्जावर ठेवायचा. माणसं नमस्कार करून मंगळवार घेऊन जायची. सहा वर्षांत त्यानं हजारभर मंगळवार वाटले असतील, पण त्यातला एकही दिवस असा नव्हता की ज्या दिवशी काही होणार होतं. आणि आता एक दिवस त्याला स्वतःला द्यायचा होता, असा की त्या दिवशी खरोखरच काहीतरी होईल आणि झालेलं परत फिरवता येणार नाही. त्यानं टीपकागद शाईवर दाबला. शाई शोषली गेली आणि मागं उरला तो डाग पिवळ्या कागदावर झोपलेल्या मांजरासारखा दिसायला लागला. कुशाबा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला. बांधाच्या भांडणाला त्या दिवशी तारीखच मिळाली नाही.

फेरफार त्याला मिळाला तोही कुणाला न विचारता. आदल्या साली पुण्यात पूर येऊन गेला, त्याच्या पुढच्या ज्येष्ठात जुन्या फेरफाराच्या नोंदींचा रुमाल सोडला तर आत पाच पिल्लं निघाली. शिपायानं चार वाटून टाकली, आणि पाचवं कुशाबाच्या पिशवीत स्वतःहून चढून भाकरीच्या फडक्यात बसलं. नाव ठेवावंच लागलं नाही, कारण रुमालावर ते आधीच लिहिलेलं होतं. स्वतःहून चढलं, हे कुशाबा कधी विसरला नाही. सगळ्या दुनियेत एवढा एकच जीव होता जो कुणी ठरवून न देता त्याच्याकडं आला होता. संध्याकाळी पुण्याहून मुक्कामाची एसटी यायची, तिचा घाटाखालचा घरघराट ऐकू आला की फेरफार जिथं असेल तिथून उठायचा आणि खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. एसटीतून त्याचं कुणी उतरत नव्हतं. कुशाबाचंही नव्हतं. तरी दोघं मिळून तिची वाट बघायचे, ती आली की आत जायचे आणि जेवायचे. म्हणून प्रश्न नुसता दिवसाचा नव्हता. केलं, आणि फेरफारला कळलं की हे कुणी करवलं, तर तो त्यानंतर उंबऱ्यावर येईल का? आणि नाही केलं तरी तो किती दिवस येणार? हे बहिरूनं सांगायची गरज नव्हती, दोन-तीन दिवसांपासून तो उंबऱ्यावर बसल्या बसल्या नाक वर करून शेजारच्या कोंडाजीच्या घराकडं, तिथल्या मांजरीकडं, वळायला लागला होता, आणि त्याच्या आवाजात एक नवीनच घोगरेपणा आला होता, जसा तमाशात वगाला उभं राहायच्या आधी घसा साफ करणाऱ्याच्या आवाजात येतो.

संध्याकाळी त्यानं ही गोष्ट फार सहज, जणू काही विशेष नाही अशी, गोजराबाईच्या कानावर घातली. आतून मात्र त्याला दिवाळीच्या आदल्या दिवसासारखं होत होतं. "आत्ताच्या आत्ता न्या त्याला!" गोजराबाई म्हणाली. ती भात पाखडत होती, आंबेमोहराचा वास अंगणभर झाला होता, आणि त्या वासातही दुसरा एक वास होता. "मेला माझ्या वाकळंवर मुततुया. काल देव्हाऱ्याच्या भितीवर मुतला. त्याला काय ठावं, देव कोन आन् भित कोन." शेजारचा कोंडाजी ओट्यावर तंबाखू मळत बसला होता. तो असा दचकला की अर्धी तंबाखू भातात पडली. "अवो भाऊसायब, काय करताय काय! जनावर हाय का टोमॅटो, दिसला पिकला की खुडला?" मग तो उठला, फेरफारला मानेला धरून मांडीवर घेतलं आणि पन्नास वर्षांत शेकडो गुरांचं केलं असेल तितक्या सवयीनं त्याचं तोंड उघडलं. फेरफारला इतकं आश्चर्य वाटलं की तो चावायचंच विसरला. "ह्या बघा. खालचं मोजायचं. वरचं जनावराला नसत्यातच." कुशाबा वाकला. वरचे दात होते. तो तसं म्हणालाही. "असत्याल," कोंडाजी म्हणाला, "पर मोजायचं न्हाईत. आन् हे दोन कडंचं सुळं, हेबी न्हाईत. मधलं मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. म्हंजे सहादाती हाय. आठ दात आलं की जनावर जुळलं. जुळल्यावर करायचं. आदुगर केलं तर मान भरत न्हाई, खांदा धरत न्हाई. बैल कसा, फुकाट लुळा व्हतो."

"पर ह्याला कुटं नांगराला जुपायचाय?" गोजराबाई म्हणाली.

"मुद्दा नांगराचा न्हाई, वहिनी. मुद्दा जुळायचा हाय."

कुशाबाला तो मुद्दा फार पटला. पटण्यासारखा होता म्हणून पटला की पटायला हवा होता म्हणून, हे त्यानं तपासलं नाही. एवढा मोठा निर्णय, आणि त्याला दोन दातांचा स्वच्छ, मोजता येणारा आधार! तारखेपेक्षा हे किती चांगलं. तारीख आपण ठरवतो, दात येतात. दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्याच्या दाराशी जाऊन बहिरूला एवढंच सांगितलं की जरा थांबू, अजून जुळला नाही. बहिरूच्या हातात म्हशीची शेपटी होती. तो म्हणाला, "तुमची मर्जी." मर्जी! कुशाबा कचेरीपर्यंत जवळजवळ उड्या मारत आला.

मग रोज सकाळी मोजणं सुरू झालं. डोळे उघडायचे तेच उत्सुकतेनं. चुलीवर पाणी ठेवायच्या आधी फेरफारला मांडीवर घ्यायचं, डाव्या हाताचा अंगठा सुळ्याच्या मागं सारायचा आणि खिडकीकडं तोंड करून मोजायचं. सहा. तांदळाच्या कणीएवढाले, नीट एका रांगेत, वर्गात पुढच्या बाकावर बसलेल्या हुशार पोरांसारखे. दोन्ही बाजूंना सुळे मास्तरांसारखे उभे. त्यांच्या मधे आणखी दोन कुठून येणार, जागा कुठं आहे, हा विचार त्याच्या मनात एकदा येऊन गेला, पण अक्कलदाढही जागा नसतानाच येते असं म्हणून त्यानं तो मिटवला. त्या हिवाळ्यात त्याला सगळीकडं दात दिसायला लागले. कचेरीत अर्जदार बोलायला लागला की तो त्याच्या तोंडात बघायचा. साहेब जांभई देत तेव्हा तो मान तिरकी करायचा. नांद्याच्या बांधाचा म्हातारा तर जवळजवळ बोळका होता. कुशाबानं त्याला दोनदा पुढचा मंगळवार दिला आणि दोन्ही वेळा मनात म्हटलं की ह्याचं फार पूर्वीच व्हायला हवं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो जिभेनं स्वतःचे दात चाचपायचा. खालचे मधले चार आणि दोन. सहाच. सुळे धरून. त्याला हसू यायचं आणि हसता हसता तो उठून बसायचा.

कारण जुळू दे, हा शब्द त्यानं आधी ऐकलेला होता. त्याच्या गावी, नांद्याला, वडलांच्या तोंडून. वडलांकडं, म्हणजे हैबतरावांकडं, हरण्या नावाचा एक खोंड होता. असा खोंड गावात नव्हता असं हैबतराव म्हणायचे आणि गावही म्हणायचं, आणि दर वर्षी मार्गशीर्षात खोंड बडवून खच्ची करणारा दारात आला की वडील हरण्याच्या वशिंडावरून हात फिरवत म्हणायचे, औंदा नको, जुळू दे. तो चौसा, म्हणजे चार दातांचा, झाला. औंदा नको. सहादाती झाला. खांदा अजून भरतोय. मग तो जुळला, आठही दात आले, वडलांनी सगळ्या गावाला तोंड उघडून दाखवले, आणि म्हणाले, आता पुढल्या आठवड्यात. कुशाबा तेव्हा दहा वर्षांचा असेल. त्याला आठवतं ते त्या आठवड्यातलं ऊन. ओढ्यापलीकडं सूस गावाच्या बाजूला कुणाची तरी गाय माजावर आली होती, आणि हरण्यानं खुंटा उपटला, खुंट्यासकट दोर ओढत ओढा ओलांडला आणि तिकडच्या देवाला सोडलेल्या वळूशी जाऊन भिडला. परत आला तो स्वतःच्या पायानं, एक शिंग मुळापासून हलत होतं. नऊ दिवस वडील हळद भरत होते. दहाव्या दिवशी हरण्या गेला आणि तोंड उघडून बघायचीही गरज उरली नाही. वडील म्हणाले, "सोमवारी करनार व्हतो." त्यानंतर ते प्रत्येक गोष्ट मामाला विचारायला लागले. तो उन्हाचा पिवळा रंग, हलत्या शिंगाखालचा ओला खड्डा आणि वडलांच्या बोटांवरची हळद, हे सगळं कुशाबाच्या आत कुठंतरी एका रुमालात बांधून ठेवलेलं होतं, आणि आता रोज सकाळी मांजराचं तोंड उघडलं की त्या रुमालाची गाठ जरा जरा सुटत होती. गंमत अशी की त्याला त्यातही एक उत्साह वाटत होता, जसा चढत्या तापात वाटतो.

पौषात फेरफार पहिल्यांदा रात्रीचा घरी आला नाही. एसटी आली, दिवे मालवून उभी राहिली, आणि कुशाबा उंबऱ्यावर एकटाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बोका आला तो डावा कान फाटून, अंगाला तिसऱ्याच कुणाचा तरी वास घेऊन, आणि चेहऱ्यावर असा भाव की मला काही विचारू नका, सांगण्यासारखं पुष्कळ आहे. कुशाबानं आधी दात मोजले. सहा. मग कान पुसला. पुढच्या खेपेला तीन दिवस लागले आणि मानेवर लिंबाएवढी गाठ आली. गोजराबाईनं हळद आणली. तिची हळदीची बोटं बघितल्याबरोबर कुशाबाच्या डोळ्यांसमोर ओढा आला. त्यानं वाटी तिच्या हातातून अशी हिसकावली की ती म्हणाली, "अवो, खाया न्हाई आणली, लावायाच आणलीया!" गाठ फुटली, वाहिली, बसली. दात सहाच. माघ लागला. कोंडाजीच्या मांजरीला चार पिल्लं झाली, चारीच्या चारी पिवळी, रुंद डोक्याची, आणि कोंडाजी ती टोपल्यात घालून दाखवायला आला. "बघा आमचं सरकारी बियाणं! औंदा कणगीत उंदीर ऱ्हातुया का बघतो." कुशाबा टोपल्याकडं बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कोंडाजीदादा, खरं सांगा. एवढ्यासाठीच मला थांबवलंत ना?"

कोंडाजीचा चेहरा पडला. टोपलं त्यानं खाली ठेवलं. "भाऊसायब, भैरोबाची आन. पिल्लं पायजे व्हती म्या न्हाई म्हनत न्हाई. पर दात म्हंजे दात. दातात म्या खोटं बोलंन व्हय? माझा बाप दातात कुनाला फसला न्हाई." आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. कुशाबाला त्याहून मोठा धक्का बसला. लबाडी असती तर बरं होतं. लबाडीवर रागावता येतं. हा माणूस मनापासून त्याच्यासोबत त्या दोन दातांची वाट बघत होता.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी बहिरूची बदली निघाली. ऑर्डर कुशाबाच्याच टेबलावरून गेली. शनिवारी दुपारच्या एसटीनं तो जाणार, नवीन स्टॉकमन कधी येईल ते ऑर्डरमधे लिहिलेलं नव्हतं. शनिवारी सकाळी कुशाबा फेरफारला पिशवीत घालून दवाखान्यात गेला, तरीही त्याच्या मनात होतं ते एवढंच, की जाण्यापूर्वी बहिरूला विचारून घ्यावं, आणखी किती दिवस? बहिरू ट्रंकेला दोरी बांधत होता. "कशाचे किती दिवस?"

"आठ दात यायला."

बहिरूनं दोरी सोडली. तो हसला नाही, आणि हे कुशाबानं त्याला जन्मभर मानलं. त्यानं फेरफारचं तोंड उघडून बघितलं, मग कोपऱ्यात निजलेल्या दवाखान्याच्या म्हाताऱ्या मांजरीला उचलून तिचंही उघडून दाखवलं. "हिला अकरा वर्षं झाली, भाऊसाहेब. मोजा."

सहा. दोन झिजलेले, पण सहाच.

"मांजराला मधले सहाच. मरेपर्यंत सहाच. आठ गाईला. तुमाला कुनी सांगितलं?"

कुशाबा खाली बसला. येणार नव्हते. कधीच येणार नव्हते. मार्गशीर्षातल्या त्या सगळ्या सकाळी, पौषातला फाटका कान, मानेवरची गाठ, सगळं त्या दोन नसलेल्या दातांवर उभं होतं. आणि ते आले असते तरी! हैबतरावांच्या हरण्याला आठ आले होते, गावानं बघितले होते, तरी सोमवार आलाच नाही. त्याला वाटलं आता आपल्याला रडू येईल. पण आलं ते दुसरंच. बहिरूच्या अंगणातला पिंपळ, ट्रंक, म्हातारी मांजर, सगळं असं स्वच्छ दिसायला लागलं जसं पाऊस धुऊन गेल्यावर दिसतं. थांबण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. "आत्ता," तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की बांधलेली म्हैस उठून उभी राहिली.

"आत्ता गमबूट शोधावा लागंल," बहिरू म्हणाला.

गमबूट सरकारी होता, गुडघ्यापर्यंतचा. ट्रंकेतून परत काढला. बोका डोक्याकडून त्यात घालायचा म्हणजे नखं आणि दात आत राहतात आणि काम बाहेर राहतं, असं बहिरूनं समजावलं. त्याआधी रजिस्टर. रकाने चारच होते: बैल, रेडा, बोकड, घोडा. बहिरूनं विचार करून लिहिलं, 'रेडा, लहान, रंग पिवळा.' कुशाबानं सही केली. त्याच्या आयुष्यातली पहिली अशी सही की जिच्यावर साहेबांनी मान हलवलेली नव्हती. मग त्यानं दोन्ही हातांनी गमबूट छातीशी धरला. रबराच्या आतून एक खोल, पोकळ, विहिरीतून यावा तसा आवाज आला, आणि फेरफारचं धावतं काळीज त्याच्या स्वतःच्या काळजावर असं आपटायला लागलं की कुठलं कुणाचं ते कळेना. सोमवारी करणार होतो, असं त्याच्या आत कुणीतरी म्हणालं. आज शनिवार आहे, असं त्यानं त्याला सांगितलं. बहिरूनं दोनदा हात हलवला, आयोडीन फासलं आणि म्हणाला, "झालं." कुशाबाला वाटलं, हा सुरुवात झाली असं म्हणतोय. त्याची पकड सैल झाली, आणि गमबूट पळाला. म्हणजे बोकाच पळाला, पण दिसत होता तो दोन पिवळे पाय लागलेला गमबूट, दवाखान्याच्या अंगणातून, म्हशीच्या पोटाखालून, कुंपणाला एकदा धडकून. तिथं बूट गळून पडला. फेरफारनं मागं वळून बघितलं. थेट कुशाबाकडं. मग तो भाताच्या धसकटांतून ओढ्याच्या दिशेनं दिसेनासा झाला.

बहिरू बूट झाडून ट्रंकेत ठेवत म्हणाला, "येईल. न येऊन जातोय कुटं?" आणि दुपारच्या एसटीनं तो स्वतः निघून गेला.

शनिवारी मुक्कामाची एसटी आली तेव्हा उंबऱ्यावर कुशाबा होता. रविवारी त्यानं ओढा पालथा घातला. कोंडाजीही काठी घेऊन बरोबर आला. त्याला दातांचं कळलं होतं आणि तो शरमेनं एक शब्द बोलत नव्हता, फक्त दर झुडपापाशी "फेरफाऱ्या, ये बाबा" म्हणत होता. सोमवारी कुशाबानं तारखेच्या आदल्या दिवशीच आलेल्या नांद्याच्या म्हाताऱ्याला समोर बसवलं, कॅलेंडर मिटलं आणि साहेबांच्या टेबलावर अर्ज नेऊन ठेवत म्हणाला, "साहेब, याचं आज करून टाका." साहेबांनी सवयीनं मान हलवली, मग ती मधेच थांबली. काय झालं ते कुशाबाला धड आठवत नाही. त्याला दिवसभर फक्त एसटीचा घरघराट ऐकायचा होता. अंगात नुसती लगबग होती, पोरासारखी, आणि त्या लगबगीच्या तळाशी एक थंड दगड.

एसटी आली. आली, थांबली, माणसं उतरली, कंडक्टरनं दार आपटलं. कुशाबा उंबऱ्यावर बसला होता तो बसूनच राहिला. तेवढ्यात गोजराबाईच्या वाकळांच्या मागून फेरफार आला. घाईनं नाही, लंगडतही नाही, जणू बदलीच्या गावाहून आलाय. दोन हातांच्या अंतरावर थांबला. कुशाबानं श्वास धरून हात पुढं केला. फेरफारनं आधी बोटं हुंगली, आयोडीनच्या वासापाशी थबकला, आणि मग अंगठ्याचा असा सणसणीत चावा घेतला की कुशाबाच्या तोंडून आईचं नाव निघालं. चावून झाल्यावर तो त्याच्या मांडीवर चढला, एकदा गोल फिरला आणि बसला.

"दावा दावा," गोजराबाई कंदील घेऊन धावत आली. "अगं बया, रगत! किती दात लागलं?"

कुशाबा रक्ताळलेला अंगठा वर धरून एसटीकडं बघत होता. मांडीवर घरघर सुरू झाली होती.

"मोजलं न्हाईत," तो म्हणाला.